दारात बसून घेतलेला आकडा

एखाद्या देशातली गरिबी किती टक्क्यांनी घटली, किती मुलांची वाढ खुंटली, किती बायका कामाला जातात, हे आकडे आपल्यापर्यंत येतात तेव्हा दशांशचिन्हासकट, अगदी नीटनेटके होऊन आलेले असतात. त्यांचा जन्म मात्र कुणाच्या तरी दारात झालेला असतो. कुणीतरी टॅबलेट घेऊन बसलेलं असतं, समोर घरातली बाई असते, तिच्या मांडीवर मूल असतं, आणि प्रश्न येतो : ‘गेल्या सात दिवसांत घरात तेल किती लागलं?’ ती थोडी थांबते, मनातल्या मनात काहीतरी जुळवते आणि उत्तर देते. त्या उत्तरावर पुढे कितीही गणितं चढवली, तरी त्या दोन-तीन सेकंदांत जे निसटलं ते परत येत नाही.

विकसनशील देशांवरच्या संशोधनाबद्दल बोलताना आपण निष्कर्षांवर भांडतो. वस्तू द्याव्यात की रोख रक्कम, आधी शाळा की आधी रस्ता. भांडावंच. पण त्या निष्कर्षाखालचं मोजमाप कसं झालं, हे विचारायची सवय फार थोड्यांना असते आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

‘गेल्या सात दिवसांत’ हे तीन शब्दच घ्या. भारतात राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात वर्षानुवर्षं खर्चाचे प्रश्न गेल्या ३० दिवसांबद्दल विचारले जात. १९९४ ते १९९८ या काळात, ५१ ते ५४ या फेऱ्यांमध्ये, एक प्रयोग झाला. काही कुटुंबांना जुनीच प्रश्नावली दिली आणि काहींना नवी. नवीत अन्नाचा हिशेब ७ दिवसांचा, कपडे, चपला आणि टिकाऊ वस्तूंचा ३६५ दिवसांचा. कुणाला कोणती प्रश्नावली मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलेलं, म्हणजे दोन्हींकडची माणसं सरासरीने सारखीच. तरीही नव्या प्रश्नावलीतून खर्च इतका जास्त निघाला की गरिबांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. कुणाच्याही ताटात एक घास वाढला नव्हता. बदलला होता फक्त प्रश्नातला काळ.

मग १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत अन्नासाठी दोन्ही काळ एकाच कागदावर, शेजारशेजारच्या रकान्यांत विचारले गेले. हेतू चांगला होता, परिणाम वाईट झाला. एकाच बाईला ‘सात दिवसांत किती’ आणि लगेच ‘तीस दिवसांत किती’ विचारलं, की दुसरं उत्तर पहिल्याशी जुळवून दिलं जातं. विचारणाराही नकळत मनात चारने गुणून बघतो. स्वतंत्रपणे विचारल्यावर दोन काळांच्या उत्तरांत जी दरी दिसली होती, ती बुजली. त्या फेरीतले आकडे १९९३-९४ च्या आकड्यांशी थेट ताडून बघणं अशक्य झालं आणि नव्वदच्या दशकात गरिबी नक्की किती घटली, यावरचा वाद पुढे कित्येक वर्षं चालला.

खरं उत्तर कोणतं, सात दिवसांचं की तीस? इथे दोन चुका विरुद्ध दिशांना ओढत असतात. काळ लांब असला की माणूस विसरतो. महिन्याच्या सुरुवातीला आणलेली मूठभर मिरची कुणाच्या लक्षात राहणार? काळ आखूड असला की आठवड्याच्या हद्दीबाहेरची खरेदी आत ओढली जाते, कारण ‘परवाच तर आणलं’ असं वाटणारी गोष्ट दहा दिवसांपूर्वीची असते. यावरचा जुना उपाय म्हणजे दोन भेटी. पहिल्या भेटीचं मुख्य काम आठवणीला एक खुंटी ठोकून देणं. दुसऱ्या भेटीत विचारायचं, ‘मी मागे येऊन गेल्यानंतर काय काय आणलंत?’ जागतिक बँकेच्या राहणीमान सर्वेक्षणांची सुरुवात १९८५ मध्ये कोत दिव्वार (आयव्हरी कोस्ट) आणि पेरू इथे झाली. कोत दिव्वारमध्ये अशाच दोन आठवड्यांच्या अंतराने दोन भेटी ठेवल्या होत्या. पद्धत चोख आहे, पण प्रवासखर्च दुप्पट होतो. पैसे कमी पडले की पहिली कात्री तिथेच लागते.

वस्तूंच्या यादीची लांबीही तितकीच महत्त्वाची. टांझानियात २००७-०८ मध्ये सुमारे ४,००० कुटुंबांवर खाण्याचा खर्च मोजण्याच्या आठ वेगवेगळ्या पद्धती चिठ्ठ्या टाकून वापरून पाहिल्या. ‘डाळी आणि कडधान्यं’ अशी एकच ओळ ठेवून यादी आखडली की खर्च कमी भरतो, कारण नाव घेतल्याशिवाय वस्तू आठवत नाही. आणखी एक पद्धत ‘साधारण महिन्याला किती लागतं?’ असं विचारण्याची. ऐकायला सोपी, उत्तर द्यायला सगळ्यांत अवघड. ज्या घरात काम मिळेल त्या दिवशी चूल नीट पेटते, तिथे ‘साधारण महिना’ नावाची वस्तूच नसते. बाईला मनात सरासरी काढायला लावायची आणि ती वेळेत निघाली नाही म्हणून घाई करायची, हा तिच्यावर अन्याय आहे.

मापांचा प्रश्न वेगळाच. उत्तर ‘एक टोपली’, ‘दोन ढीग’, ‘अर्धा डबा’ असं येतं. टोपली केवढी? चांगल्या पथकाकडे वजनकाटा असतो आणि त्या भागातल्या टोपल्या-डब्यांचे, शेजारी ओळखीची वस्तू ठेवून काढलेले फोटो असतात. बाई फोटोवर बोट ठेवते, किलोचा हिशेब नंतर होतो. हे न करता विचारणाऱ्यानेच अंदाजाने किलो लिहिले, तर तपासणीत काहीच सापडत नाही, कारण लिहिलेला आकडा दिसायला अगदी शहाणासुरता असतो.

याही आधीचा प्रश्न, घर म्हणजे कोण? पुस्तकी उत्तर, एका चुलीवर जेवणारी माणसं. पण सहा महिने शहरात राबून पैसे धाडणारा मुलगा धरायचा का? दुसऱ्या पत्नीची चूल वेगळी पण शेत एकच, तेव्हा काय? मालीमध्ये कुटुंबाची व्याख्याच चिठ्ठ्यांनी बदलून एक प्रयोग झाला. एकत्र जेवणं, एकत्र शेती करणं अशा जादा अटी घातल्या की कुटुंब लहान होईल असा आपला तर्क असतो. झालं उलट. प्रत्येक नवी अट ऐकून उत्तर देणाऱ्याला आणखी माणसं आठवली आणि कुटुंबं मोठी निघाली. दरडोई उत्पन्नाचा छेद म्हणजे हीच माणसं. छेद हलला की दरडोईचा प्रत्येक आकडा हलला.

कामाचंही तसंच. टांझानियातच झालेल्या आणखी एका प्रयोगात ‘तुमचं मुख्य काम काय?’ असा थोडक्यात प्रश्न विचारला, तेव्हा काम करणाऱ्या बायकांचं प्रमाण घटलं. शेतात, विक्रीला, घरच्या धंद्यात गेल्या सात दिवसांत एक तास तरी हात लावला का, असं एकेक करून विचारल्यावर ते वाढलं. पुरुषांच्या बाबतीत वेगळी खोट निघाली. त्यांच्या वतीने घरातल्या दुसऱ्या कुणी उत्तर दिलं की त्यांचं काम कमी नोंदलं गेलं. म्हणून ‘बायका कामातून बाहेर पडल्या’ असा मथळा वाचला की मी आधी शोधतो, मधल्या वर्षांत प्रश्न बदलला का आणि उत्तर कोणी दिलं.

आता दारापर्यंत पोचण्याची गोष्ट. कोणत्या दारात जायचं हे विचारणाऱ्याच्या मर्जीवर सोडलं, तर तो रस्त्यालगतच्या, कुत्रं नसलेल्या, बसायला सावली असलेल्या घरात जाईल, आणि रस्त्यालगतची घरं वस्तीतल्या आतल्या घरांपेक्षा जरा बऱ्या स्थितीतली असतात. म्हणून आधी घरयादी. नकाशा हातात घेऊन निवडलेल्या तुकड्यातलं प्रत्येक दार मोजायचं, गोठ्यामागची खोली आणि बांधकामावरची झोपडीसुद्धा. समजा १६८ घरं निघाली आणि १६ हवी आहेत. १६८ भागिले १६, म्हणजे १०.५. शून्य आणि १०.५ यांच्यामधला एक आकडा यदृच्छेने काढायचा, समजा ४.२ आला. त्यात १०.५ मिळवत जायचं आणि दर वेळी वरचा पूर्णांक घ्यायचा : ५, १५, २६, ३६. हे काम कार्यालयात किंवा टॅबलेटवर व्हावं, दारात नव्हे.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे बदली घर. पंधराव्या घराला कुलूप दिसलं, चला सोळाव्यात. पण कुलूप कुणाच्या दाराला असतं? दिवसभर मजुरीला गेलेल्यांच्या, एकट्या राहणाऱ्यांच्या, स्थलांतर करून गेलेल्यांच्या. शेजारचं घर उघडं आहे ते तिथे म्हातारी माणसं किंवा लहान मुलं आहेत म्हणून. प्रत्येक बदलीने नमुना घरी असणाऱ्या माणसांकडे थोडा झुकतो. निदान तीन भेटी, वेगवेगळ्या वेळी, त्यातली एक संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी, आणि तरीही कुलूप असेल तर ‘भेट झाली नाही’ अशीच नोंद, एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं. नोंदलेली उणीव नंतर भारांकाने, म्हणजे भेटलेल्या तशाच घरांना हिशेबात जास्त वजन देऊन, थोडीफार दुरुस्त करता येते. बदली घराने झाकलेली उणीव कुणाला दिसतच नाही.

एकाच गावात सोळा घरं घेण्याचीही किंमत असते. शेजारी एकमेकांसारखे असतात : तीच विहीर, तीच शाळा, तोच पाऊस. शून्य म्हणजे काहीच सारखं नाही आणि एक म्हणजे सगळं सारखं, अशा मापावर हे सारखेपण ०.०५ इतकंच असलं, तरी प्रत्येक घरामागे उरलेली १५ घरं धरून हिशेब १ अधिक १५ गुणिले ०.०५, म्हणजे १.७५ होतो. घरांच्या संख्येला त्याने भागायचं. १,६०० घरांच्या सर्वेक्षणातून माहिती मिळते साधारण ९१४ सुट्या घरांइतकी. गावं वाढवून दर गावातली घरं कमी केली की हे सुधारतं, पण गाडी, मुक्काम आणि दिवस वाढतात.

विचारणाऱ्या माणसाबद्दल फार कमी लिहिलं जातं, म्हणून इथे थोडं थांबतो. लांब प्रश्नावलीत ठिकठिकाणी ‘हो’ म्हटलं की पुढे बारा प्रश्न उघडणारी दारं असतात. ‘कर्ज घेतलंय का? हो.’ मग कुणाकडून, कधी, किती, व्याज किती, फेडलं किती. दुसऱ्या कर्जापर्यंत दोघांनाही समजलेलं असतं की ‘नाही’ म्हटलं तर लवकर सुटका होते. यातून खोटं बोलायचा हेतू नसतो. थकलेली माणसं वाट काढतात. उपाय प्रश्नावलीच्या रचनेत आहे. सगळ्या प्रकारच्या कर्जांचे ‘हो-नाही’ आधी एकदम विचारून घ्यायचे आणि तपशिलात नंतर शिरायचं. मग ‘नाही’ म्हणून काय वाचतं हे उत्तर देणाऱ्याला वेळेआधी कळत नाही.

हीच ओढ ‘डीएचएस’ या लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांतही दिसली आहे. तिथे आईला प्रत्येक बाळंतपणाची तारीख विचारतात आणि साधारण गेल्या पाच वर्षांत जन्मलेल्या मुलांसाठी लसी, आजार, खाणंपिणं असे लांबलचक प्रश्न पुढे असतात. आकडे मांडल्यावर दिसतं की हद्दीच्या आतल्या वर्षात जन्म कमी आणि लगेच पलीकडच्या वर्षात जास्त. कुणीतरी जन्मतारीख काही महिने मागे ढकलून आपलं अर्ध्या तासाचं काम वाचवलं. दिवसाला किती घरं व्हायलाच हवीत याचा कोटा कडक असेल, पगार घरागणिक असेल आणि रात्रीचा मुक्काम कुठे हे ठाऊक नसेल, तर ही ढकलाढकल होणारच. साधारण दहातल्या एका घरी दुसऱ्याने जाऊन चार-पाच न बदलणारे प्रश्न पुन्हा विचारणं, मुलाखतीला लागलेला वेळ टॅबलेटवरून तपासणं, हे हवंच. पण दिवसाचा कोटा एका घराने कमी करणं हा त्याहून स्वस्त उपाय आहे असं मला ठामपणे वाटतं.

बोलण्यातून मिळणारी उत्तरं एवढी निसरडी, तर जे थेट मोजता येतं ते तरी पक्कं असेल, असं वाटतं. दोन वर्षांच्या मुलाची उंची मोजून बघा.

लाकडी फळा सपाट जमिनीवर हवा. हलत असेल तर खाली काहीतरी सारून तो स्थिर करायचा. माणसं दोन लागतात. एकजण मुलाचे पाय आणि गुडघे धरून टाचा फळ्याला टेकवतो. दुसरा हनुवटीखाली हात धरून नजर समोर सरळ ठेवतो आणि वरची सरकती पट्टी केस दाबून डोक्याला टेकवतो. आंबाडा, क्लिप, टोपी, चपला आधी काढायच्या. आकडा मिलिमीटरपर्यंत मोठ्याने वाचायचा, लिहिणाऱ्याने तो उलट म्हणून दाखवायचा. मूल रडत असतं, पाय आखडून घेत असतं, आजी ‘बास करा’ म्हणत असते. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं झोपवून मोजतात, वरच्याला उभं. आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा सरासरी ०.७ सेंटिमीटर जास्त भरते, त्यामुळे उलट पद्धतीने मोजलं असेल तर तेवढं वजा किंवा अधिक करावं लागतं, आणि त्यासाठी ‘झोपवून की उभं’ हा रकाना भरलेला असावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार २४ महिन्यांच्या मुलग्याची मध्यम उंची ८७.१ सेंटिमीटर आणि खुरटेपणाची रेषा ८१.० सेंटिमीटर, म्हणजे मधल्या उंचीपासून दोन प्रमाण विचलनं खाली. प्रमाण विचलन म्हणजे एकाच वयाच्या मुलांच्या उंचीतला पसारा मोजायचं एकक. एक विचलन साधारण ३ सेंटिमीटरचं. या वयात मूल महिन्याला जेमतेम पाऊण-एक सेंटिमीटर वाढतं. आता वय सांगण्यात चार महिन्यांची चूक झाली तर? फळा अचूक, हात स्थिर, आणि तरी निकाल जवळजवळ एका विचलनाने सरकला. जन्मदाखला नसेल तिथे पेरणी, सण, निवडणूक, पूर अशा स्थानिक घटनांची दिनदर्शिका करून ‘त्याच्या आधी की नंतर’ असं विचारत महिना गाठावा लागतो. हे कंटाळवाणं काम आहे आणि संपूर्ण मापनात सगळ्यांत मोलाचं.

कुणी म्हणेल, काही चुका वर, काही खाली, हजारो मुलांत त्या फिटतात. सरासरीत फिटतात, खुरटेपणाच्या टक्केवारीत फिटत नाहीत. समजा मुलांची सरासरी मानकापेक्षा एक विचलन खाली आहे आणि त्यांच्यातला पसारा एक विचलनाचा आहे. तर रेषेखाली १६ टक्के मुलं येतात. आता मोजणाऱ्यांच्या अंदाधुंद चुकांनी पसारा १.४ झाला, सरासरी तीच राहिली. रेषेखाली जवळजवळ २४ टक्के मुलं दिसतात. जादा ८ टक्के मुलं ढिल्या पट्टीने आणि चुकलेल्या वयाने निर्माण केली. पुढच्या फेरीत प्रशिक्षण सुधारलं की हाच आकडा खाली येतो आणि श्रेय एखाद्या योजनेला जातं. म्हणून मैदानात उतरण्यापूर्वी प्रत्येक मोजणाऱ्याने साधारण दहा मुलं दोनदा मोजायची, स्वतःशी आणि अनुभवी माणसाशी किती फरक पडतो ते बघायचं. काम चालू असताना दशांशानंतरचे आकडे तपासायचे. शून्य ते नऊ यांतला प्रत्येक आकडा दहापैकी एकदा यायला हवा. शून्य आणि पाच यांचीच गर्दी दिसली तर कुणीतरी नजरेने गोलावतंय.

शेताच्या बाबतीत मोजमापाने अख्खा सिद्धांत हलवला. लहान शेताचं एकरी उत्पादन मोठ्या शेतापेक्षा जास्त असतं, हे निरीक्षण जुनं. भारतातल्या शेतीच्या आकडेवारीवरून अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये त्याची चर्चा केली होती आणि जमीनसुधारणेच्या बाजूने तो मोठा युक्तिवाद ठरला. पुढे युगांडात जीपीएसने शेतं मोजल्यावर कळलं की लहान तुकड्याचा मालक क्षेत्र वाढवून सांगतो आणि मोठ्याचा कमी करून. ही चूक दुरुस्त केली की लहान शेताची सरशी आणखी पक्की झाली. वाटलं, प्रश्न मिटला. मग उत्पादनही मोजायला घेतलं. शेतात यदृच्छेने चौकोन आखायचा, समजा चार मीटर बाय चार मीटर, त्यातलं पीक कापायचं, वाळवायचं, तोलायचं. इथिओपिया आणि युगांडातल्या अशा मोजणीत लहान शेताची सरशी जवळजवळ विरघळून गेली. लहान तुकड्यावरचे शेतकरी क्षेत्राइतकंच उत्पादनही वाढवून सांगत होते. भागाकारात खालचा आकडा सुधारला आणि वरचा तसाच ठेवला, तर अर्धी दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा जास्त फसवते.

योजना कुणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवून तिचा परिणाम पारखण्याच्या पद्धतीला २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्या पद्धतीने तुलना खरोखर स्वच्छ केली. पण परिणाम मोजायला शेवटी कुणीतरी दारातच बसतं. हात धुण्याचं प्रशिक्षण दिलेल्या गावात ‘जेवणाआधी हात धुता का?’ विचारलं तर ‘हो’ वाढणारच. माणसं योग्य उत्तर शिकलेली असतात. त्यापेक्षा ‘हात कुठे धुता ते दाखवता का?’ असं म्हणून तिथे पाणी आणि साबण आहे का ते बघावं. ओला साबण पाठ केलेलं उत्तर देत नाही.

१९८४ पासून नव्वदहून अधिक देशांत चाललेल्या ‘डीएचएस’ सर्वेक्षणांचा अमेरिकी निधी २०२५ च्या सुरुवातीला थांबवला गेला. कित्येक देशांत बालमृत्यू आणि कुपोषण यांचा भरवशाचा आकडा मुख्यतः तिथूनच येत होता. यातलं थोडं नंतर भरून काढता येईल. आईला तिच्या प्रत्येक बाळंतपणाबद्दल विचारून मागच्या दहा-पंधरा वर्षांतले बालमृत्यू आजही मोजता येतात. त्यातून ज्या आया स्वतःच गेल्या, त्यांची मुलं तेवढी राहून जातात. उंचीचं तसं नाही. यंदा जे मूल दोन वर्षांचं आहे आणि ज्याच्या दारात फळा घेऊन कुणी गेलं नाही, ते पाच वर्षांनी भेटलं तर तेव्हाची उंची मोजता येईल. ते दोन वर्षांचं असताना किती उंच होतं आणि त्या आठवड्यात त्याच्या घरात तेल किती लागलं, हे त्याची आईही सांगू शकणार नाही.